खोट न निघालेलं विमान

६ जानेवारी

प्रिय नटबोल्ट,

‘मोठी हो’ म्हणायचं तुझं वय गेलं, तेव्हा नुसतीच सुखात राहा.

पत्र बघून दचकू नकोस, मी आहे अजून. फोनच करणार होते, पण मी फोन हातात घेतला की तुझा दादा शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, ‘स्पीकर लाव.’ शिवाय हल्ली थोडं बोललं तरी दम लागतो. लिहिताना निदान मध्येच टेकता येतं.

तर ऐक. तुझा दादा विमान घेतोय.

हस, हस. मीही हसले होते, आणि त्यानं ते हसणं होकार म्हणून धरलं. वापरलेलं आहे म्हणे, छोटंसं, सात माणसांचं, शेपटीपाशी दोन इंजिनं. कुठल्याशा कंपनीच्या साहेबांचं होतं. कंपनी बुडाली, साहेब गेले, विमान उरलं. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या माणसाला विमान कशाला लागतं ते तूच सांग. खोकी काय विमानानं पोचवणार आहे? पण नाही! त्यासाठी कारखाना विकायला काढलाय. विमानाचा एक दलाल रोज येतो, सोफ्यावर पाय पसरून बसतो आणि मला ‘ताईसाहेब’ म्हणतो. मला ताईसाहेब म्हणणाऱ्या माणसावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही.

आपल्या घरात तोंडावर ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही, हे तुला मी काय सांगायचं, तू त्याच घरची. तुझ्या दादाला क्लबच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, तेव्हा मी डॉक्टरांना गाठून त्याचा रक्तदाब वाढवून घेतला. गच्चीवर पोहायचा तलाव हवा होता, तेव्हा गवंड्याकडून ‘स्लॅब पेलणार नाही’ असं वदवून घेतलं. या विद्येत सासूबाई माझ्या गुरू. त्या जन्मात कधी ‘नाही’ म्हणाल्या नाहीत आणि त्यांच्या मनाविरुद्ध घरात कधी काही झालंही नाही.

आता तुझी पाळी. विमान तपासायला तो तुलाच बोलावणार आहे. घरचीच इंजिनियर असताना बाहेरची कशाला, असं त्याचं म्हणणं. तू ये, बघ, आणि त्यात खोट काढ. मोठी काढ. दुरुस्त होणारी नको.

माझं म्हणशील तर ठीक. दर तिसऱ्या आठवड्याला त्या लांबच्या शहरात जाऊन रक्तात ती औषधाची बाटली चढवून यायचं, आणि मग पुढच्या वारीपर्यंत अंग गोळा करत बसायचं. चाललंय.

तुझी
वहिनी

१५ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादाचा फोन आला. ‘एक छोटीशी गाडी बघायचीय’ म्हणाला. मी म्हटलं, कुठली, तर म्हणाला, उडणारी.

मी तपासायला जाणार आहे. पण खोटं लिहिणार नाही, ते आधीच सांगते. रक्तदाब वाढवणारे तुझे डॉक्टर निराळे. माझ्या सहीवर माणसं आकाशात जातात. चांगल्याला वाईट म्हणायची सवय लागली की वाईटाला चांगलं म्हणायला वेळ लागत नाही.

पण धीर सोडू नकोस. जुनं विमान म्हणजे जुनं घर. बाहेरून रंग मारलेला आणि आत ओल. ते तिऱ्हाईताच्या हँगरमध्ये नेऊन ठेवतील. तिथले मेकॅनिक पायाखालच्या फळ्या उचलतील, पंखांखालची झाकणं उघडतील, इंजिनात बारीक कॅमेऱ्याची नळी घालून पात्यांच्या कडा बघतील. मी त्यांच्या डोक्यावर उभी राहीन. आजवर मी ज्यात काहीच निघालं नाही असं विमान पाहिलेलं नाही. काहीतरी निघेल, आणि ते मी खुशाल मोठ्या अक्षरांत लिहीन.

दादाला मी सांगून बघितलं की बाबा, घेणं सोपं असतं, पोसणं अवघड. नुसतं उभं असलं तरी विमान खातं. दोन वैमानिक, जागेचं भाडं, विमा. ‘बघू’ म्हणाला. दादा ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं.

एक विचारू? तू एवढी हात धुऊन का मागे लागली आहेस? त्यानं आजवर याहून वेडगळ गोष्टी केल्यात आणि तू कपाळाला हात लावून हसली आहेस. कारखाना जातोय म्हणून का? की आणखी काही?

इथे माझी कंबर गेलीय. दिवसभर दुसऱ्यांच्या विमानांच्या पोटात डोकं घालायचं, आणि घरी येऊन कालची भाजी गरम करायची. तुझ्या हातचं काहीही चालेल, अगदी करपलेलंसुद्धा.

तुझी
नटबोल्ट

२७ जानेवारी

नटबोल्ट,

गेल्या आठवड्यात जाऊन आलो. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पेन धरवत नव्हतं.

जाताना मधल्या विमानतळावर पुढचं विमान उशिरा. मी चाकांच्या खुर्चीत, आणि माझ्यासमोर एक बाई बाळाला भरवतेय. बाळ तोंड फिरवतंय, ती चमचा घेऊन त्या बाजूला जातेय. मला त्या बाळाचं फार पटलं. तुझा दादा काउंटरवरच्या पोरीशी भांडत होता. ‘माझ्या बायकोला झोपायला जागा द्या’ म्हणून. ती बिचारी काय देणार! शेवटी त्यानं आपला कोट जमिनीवर अंथरला आणि मला म्हणाला, ‘पड.’ एवढ्या लोकांत! मी म्हटलं, ‘अहो, उचला तो, लोक पैसे टाकतील.’ त्याला हसू आलं नाही. मला आलं, मग खोकला आला, मग सगळंच.

येताना गाडीत मी एवढंच म्हटलं, ‘नको गं बाई हा प्रवास.’ दर वेळी म्हणते तेच.

दुसऱ्या दिवशी तुझ्या दादानं विमानाचं कारखान्यात जाहीर करून टाकलं. कामगारांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. वाजवतील नाही तर काय, पगार तोच देतो. फोरमनची बायको मला सांगायला आली, ‘नशीब काढलंत हो.’ मी म्हटलं, ‘हो ना.’

तू कारण विचारलंस. कारखान्याचं मला काही नाही. पुठ्ठा तो पुठ्ठा, आज आहे उद्या नाही. कारण विचारू नकोस, खोट काढ. सासूबाईंनी मला कधी कारण सांगितलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही, तरी आमचं दोघींचं उत्तम चाललं.

एक मात्र बजावून ठेवते. तिकडे त्या जुन्या विमानाजवळ उभी राहून माझी आठवण काढून गहिवरू नकोस. ‘वहिनीही आता अशीच’ वगैरे. मला सुटे भाग मिळत नाहीत.

वहिनी

९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र तुला आवडणार नाही.

तीन दिवस विमान उघडून बघितलं. टॉयलेटच्या फळीखाली थोडा गंज होता, पाणी झिरपून. एका खिडकीच्या काचेला बारीक चरे. डावीकडचं टायर संपलेलं. एवढंच. तिन्ही गोष्टी विकणारा करून द्यायला तयार आहे. मी परत कॅमेरा घालायला लावला, इंजिनं परत बघितली. तिथला मेकॅनिक म्हणाला, ‘मॅडम, काय हरवलंय तुमचं?’ काय सांगणार त्याला, की वहिनीला खोट हवीय! दोन्ही इंजिनं ठणठणीत. माझ्या इतक्या वर्षांत मी असं नीट सांभाळलेलं विमान पाहिलं नव्हतं, आणि ते नेमकं आत्ता दिसावं! दलाल मागेमागे. ‘एकाच मालकानं वापरलंय हो, आणि तोही फारसा फिरायचा नाही.’ मला त्याला त्या इंजिनातच घालावंसं वाटत होतं.

पण खरं सांगायचंय ते निराळंच.

दादा शेवटच्या दिवशी आला. वेग किती, उंची किती, तेल किती पितं, एक अक्षर विचारलं नाही. खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारलेल्या होत्या. ती दाराला लावून बघितली. मी विचारलं, काय मोजतोस? म्हणाला, ‘तिच्या खुर्चीची रुंदी आहे.’ खुर्ची काही आत जात नाही, दार अरुंद आहे. मग म्हणाला, ‘ठीक आहे, उचलून नेईन, तेवढी ताकद आहे माझ्यात.’

आत समोरासमोरच्या खुर्च्या आहेत. त्या पुढे ओढून मध्ये गादी टाकली की आडवं होता येतं. दादानं बूट काढले आणि झोपला. दलाल हसायला लागला. दादा डाव्या कुशीवर वळला आणि मला म्हणाला, ‘तिला याच कुशीवर झोप लागते. तू जरा कुणाला तरी सांगून इंजिन चालू करायला लाव, आवाज कितपत येतो ते बघू.’ मग डोळे मिटून पडून राहिला. बराच वेळ. मी बाहेर जाऊन उभी राहिले, कारण मला ते बघवेना.

वहिनी, मला वाटलं होतं म्हातारचळ आहे, मिरवायला घेतोय. ते तुझ्यासाठी आहे गं. त्याला कोट जमिनीवर अंथरायचा नाहीये पुन्हा.

वीस तारखेला मला अहवाल द्यायचाय. मी ‘घेण्याजोगं’ असं लिहिणार आहे. तुला राग आला तर येऊ दे. आणि आता तरी काय ते सांग.

नटबोल्ट

१६ फेब्रुवारी

पोरी,

माझ्यासाठी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर नको होतं.

नीट बसून वाच. मला आता ते औषध नको आहे.

दिवाळखोरासारखं अंग झालंय माझं, रोज कुणीतरी येऊन काही ना काही उचलून नेतं. बाटलीनंतर आठवडाभर तोंडाला चव नसते, आठवडाभर ताप. मग कुठे दोन-चार दिवस खिडकीत बसावंसं वाटतं, की निघाली पुढची वारी. पावसाळा संपता संपता मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. औषध चालू ठेवलं तर काही महिने जास्त मिळतील, बरं होणं नाही. बंद केलं तर कमी मिळतील, पण घरी राहता येईल, आणि दुखणं ताब्यात ठेवायच्या गोळ्या देऊ. खोली एकच, डॉक्टर एकच. तुझ्या दादानं ‘जास्त’ ऐकलं, मी ‘घरी’ ऐकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘मग ठरलं तर.’ मी म्हटलं, ‘हो.’

आता माझी अक्कल बघ. आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे मला ‘औषध नको’ म्हणता येईना, म्हणून मी ‘प्रवास नको’ म्हणायला लागले. म्हटलं, कधीतरी त्याच्या लक्षात येईल. दर वारीला म्हणायची, प्रवास झेपत नाही हो. आणि त्या भल्या माणसानं काय केलं? प्रवासच सोडवला! बायको प्रवासानं दमते ना, मग विमानच आणतो. एवढं प्रेम करतं का कुणी, आणि एवढं बहिरं असतं का कुणी?

विमान दारात आलं की माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. गादीवर पडून जायचं, गादीवर पडून यायचं, शेवटपर्यंत. कारखाना विकून केलेल्या सोयीला कुठल्या तोंडानं नको म्हणू?

म्हणून हात जोडते. अहवाल वाईट दे. नाहीतर तूच त्याला सांग. तुझं ऐकेल तो. तू नऊ-दहा वर्षांची असताना मी या घरात आले, तुझ्या वेण्या घातल्या, घड्याळं मोडलीस तेव्हा तुला पाठीशी घातलं. मला दुसरं मूल नाही. एवढं एक काम कर माझं.

वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

अहवाल गेला. ‘घेण्याजोगं’ लिहिलंय.

तुझं पत्र हँगरमध्येच वाचलं. हाताखालच्यांना वाटलं, डोळ्यांत तेल उडालं. एकानं पाणी आणून दिलं.

हे मी त्याला सांगणार नाही. भितेय म्हणून नाही. निवडणूक, तलाव, ती सगळी ‘नाही’ दुसऱ्यांच्या तोंडची चालली. हे माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला आयुष्यभर वाटेल की बहिणीनं काहीतरी सांगितलं आणि आपण बायकोला सोडलं. हे तुझंच आहे. तुझ्याच तोंडून जाऊ दे.

आणि मला विचारशील तर मला तू जायला नको आहेस. विमानानं, गाडीनं, कशानंही, पण औषध घे, राहा, असं मलाही म्हणायचंय. त्याला बहिरा म्हणतेस, मी काय निराळी? मी फक्त त्याच्याआधी तुझं पत्र वाचलं. मला काय वाटतं ते मी एकदाच लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

पैसे देण्याआधी घेणाऱ्यानं एकदा विमानात बसून बघायचं असतं. पुढच्या बाटलीची जी तारीख आहे त्याच दिवशी दादानं ते गावाजवळच्या धावपट्टीवर मागवलंय. तुला सांगणार नाही, गाडीत घालून परस्पर तिथे नेणार आहे. त्यानंतर तो सही करेल. सही झाली की मागे फिरता येत नाही.

जे काय बोलायचं ते त्याआधी बोल.

नटबोल्ट

४ मार्च

नटबोल्ट,

बोलले.

गाडी धावपट्टीकडे वळली तेव्हा मी आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं. बरं वठलं नसावं. विमान पांढरंशुभ्र, लहानगं, तिथं एकटंच उभं होतं. तुझ्या दादानं मला खरंच उचललं. पायऱ्यांवर धापा टाकत होता, पण दलालाला हात लावू दिला नाही. आत गादी, माझी घरची उशी, माझी शाल. पहाटेच आणून ठेवलेली.

मी डाव्या कुशीवर पडले. आणि तुला खरं सांगू, छान वाटलं गं. इतकं छान की एक क्षण वाटलं, जाऊ दे, काही बोलू नये. तो समोर गुडघ्यांवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हटलं, ‘अहो, मला हे विमान नको.’

म्हणाला, ‘रंग बदलून घेऊ.’

‘रंगाचं नाही हो. औषध नको. मला तिकडे जायचंच नाही. विमानानं नाही, पालखीत घालून नेलंत तरी नाही.’

‘तू तर प्रवास नको म्हणायचीस.’

‘खोटं म्हणायची.’

तो खुर्चीत जाऊन बसला. पट्टा लावला. काढला. परत लावला. एवढा मोठा माणूस, आणि पट्ट्याशी खेळत बसला. मला त्याची इतकी दया आली की शब्द परत घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. मग तो म्हणाला, ‘मी काही चुकीचं केलं का गं?’ मी म्हटलं, ‘काहीसुद्धा नाही. मीच तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.’ ‘मग आता मी काय करू?’ असं त्यानं विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यानं मला पहिल्यांदा विचारला. म्हटलं, ‘जवळ बसा.’ तर पट्टा सोडून खाली, गादीशेजारी येऊन बसला.

वैमानिक आत डोकावला. ‘निघायचं ना साहेब?’ तुझ्या दादाआधी मीच म्हटलं, ‘आम्हाला घरी जायचंय.’ तो म्हणाला, ‘बाई, तुमचं घर तर इथून गाडीच्या रस्त्यानं आहे.’ मी म्हटलं, ‘तेच.’

येताना तुझा दादा गाडी इतकी हळू चालवत होता की मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. तेव्हापासून फारसा बोलत नाही. रागावलाय की खचलाय, मला कळत नाही. सही केली नाहीये, पण दलालाला नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. दलाल रोज फोन करतो.

मला मात्र झोप लागतेय.

वहिनी

९ मार्च

चि. ताईस,

पत्र लिहायची मला सवय नाही. तुमचं दोघींचं चालू होतं हे ठाऊक होतं. टपालाची पेटी मीच उघडतो. फोडलं एकही नाही.

अहवाल मिळाला. काम चोख आहे. विमान उत्तम आहे. घेत नाही. दलालाला तसं सांगितलं. तो खूप बोलला, मी ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं. कारखान्याचं बोलणं चालू होतं तेही थांबवलं.

तिला पाच दिवस काही बोललो नाही. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तिला वाटलं रागावलो. रागावलो नव्हतो. मला अजून वाटतं की आणखी एक-दोन बाटल्यांनी फरक पडला असता. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, वाटू द्या.

आज सकाळी हॉस्पिटलला फोन मीच केला. तिनं करते म्हटलं होतं, मी म्हटलं, नको, मी करतो. तिकडची मुलगी चांगली होती. म्हणाली, काका, या वेळची तारीख चुकली, हरकत नाही, पुढची कधीची देऊ? मी म्हटलं, देऊ नका. तिला नीट ऐकू गेलं नसावं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, देऊ नका.

फोन ठेवून तिथंच बसलो होतो. आतून ती ओरडली, अहो, चहा गार होतोय. गेलो.

तू रजा काढून ये. परतीचं तिकीट काढू नकोस.

दादा